डेम्लो संख्या : दहाव्या ओळीचे काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनात गणिताचा कोपरा असला की त्यात एक तक्ता हमखास असतो. अंधेरी-बोरिवलीकडे जा नाहीतर घाटकोपर-मुलुंडकडे, तक्ता तोच. वर ठळक अक्षरांत ‘गणिताचा चमत्कार’ आणि खाली संख्यांचा मनोरा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत करत नवव्या ओळीत नऊ एकांचा वर्ग येतो : १२३४५६७८९८७६५४३२१. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे उलटीकडून वाचले तरी तेच राहते, तशाच या संख्या. अशा संख्यांना आपण येथे विलोम संख्या म्हणू. पाहुणे येतात, ‘वा!’ म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. गणिताच्या गमतीजमती सांगणाऱ्या पुस्तिकांतही हाच मनोरा असतो आणि तोही नवव्या ओळीवर थांबतो. तो तिथेच का थांबतो याचा खुलासा करणारी पुस्तिका आमच्या पाहण्यात फार थोड्या वेळा आली.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शाळेत आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. तक्ता नेहमीचाच होता. पण त्यापाशी उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीने पाठ केलेले भाषण संपवल्यावर हळू आवाजात सांगितले, “सर, मी दहावी ओळपण केली होती. ती जुळत नाही. म्हणून बाई म्हणाल्या, ती लिहू नकोस, तक्ता बिघडेल.” मग तिने विचारले, “पण पुढे कधीतरी परत जुळेल का?” आम्ही “पाहून सांगतो” म्हणालो. आमच्या हातातल्या गुणपत्रिकेत मांडणी, सादरीकरण, उपयुक्तता असे रकाने होते. न जुळणाऱ्या ओळीसाठी रकाना नव्हता. पहिले बक्षीस एका फिरत्या प्रतिकृतीला गेले. ते देणाऱ्यांत आमचीही सही होती.

या लेखात आम्हाला जी टीका करायची आहे ती त्या बाईंवर नाही. त्यांनी जे वाचले होते तेच त्यांनी तक्त्यावर लिहवून घेतले. टीका आहे ती विलोम संख्यांविषयी लिहिण्याची जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे तिच्यावर.

आधी ती दहावी ओळ करून पाहू. दहा एकांचा वर्ग असा येतो :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवीकडून वाचताना १, २, ३ पासून ९ पर्यंत सारे ठीक चालते. डावीकडून मात्र ७ नंतर एकदम ९ येतो, ८ गळतो आणि मध्ये दोन शून्ये बसतात. कारण साधे आहे. शाळेतल्या रीतीने उभा गुणाकार मांडला तर दहा एकांच्या दहा ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या स्तंभांतील बेरजा उजवीकडून १, २, ३ … ९, १०, ९ … ३, २, १ अशा येतात. या बेरजा नेहमीच, कितीही एक घेतले तरी, दोन्हीकडून सारख्याच असतात. पण दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या ९ चे १० होतात, पुन्हा हातचा, पुढच्या ८ चे ९ होतात. हातचा फक्त डावीकडेच जातो, म्हणून समतोल बिघडतो. ११ चे घात घेतले तर हेच दिसते. १२१, १३३१, १४६४१ पर्यंत विलोम आणि पाचव्या घाताला १६१०५१. तिथेही हातचाच आड येतो.

म्हणजे मनोऱ्यातला चमत्कार एकाच्या अंगचा नाही, आपल्या दशमान लेखनाचा आहे. आठाच्या पायावर मोजणाऱ्यांचा मनोरा सातव्या ओळीनंतर कोसळला असता, सोळाच्या पायावर मोजणाऱ्यांचा पंधरा ओळी टिकला असता. वर्गात हे सांगायला एक तास पुरतो. हातचा म्हणजे काय, हे सहावीतल्या मुलाला इतक्या नेमकेपणाने दाखवून देणारे दुसरे उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही. आणि आपण काय करतो? नेमकी तीच ओळ पुसतो.

या संख्यांना नाव देणारा माणूस शाळामास्तर होता, म्हणून ही गोष्ट अधिक लागते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, महाविद्यालय पुण्याचे फर्ग्युसन. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शिक्षकी केली. एकांच्या वर्गांच्या या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले ते एका रेल्वे स्थानकावरून. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या त्या स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली. आजची डोंबिवली ती हीच असे सांगितले जाते आणि अठ्ठेचाळीस किलोमीटरचे अंतरही जुळते. डेम्लो संख्यांचे कूळ तसे या मनोऱ्याहून मोठे आहे. ४३ ला ११११ ने गुणले की ४७७७३ येतात. दोन टोकांना ४ आणि ३, मध्ये त्यांच्या बेरजेची ओळ. अशा साऱ्या संख्या त्या कुळातल्या आणि मनोऱ्यातल्या संख्या हे त्यातले देखणे घर. के. आर. गुंजीकर यांच्यासह कापरेकरांनी डेम्लो संख्यांवरचा लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले.

आपण मात्र त्यांना ‘अंकांचा जादूगार’ करून टाकले. ६१७४ आणि डेम्लो मनोरा या दोन करामती सांगितल्या की कापरेकर संपतात. जादूगाराला कोणी ‘असे का होते’ असे विचारत नाही, टाळ्या वाजवतात. ज्या माणसाने आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून मुलांकडून गणिते सोडवून घेतली त्याच्या वाट्याला हे यावे!

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते मोठ्या माणसाचे आहे. केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशा अंकगमतींवर कडक ताशेरा मारला आहे. त्यांचे उदाहरण असे : चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या संख्येच्या पूर्ण पटीत असणाऱ्या दोनच संख्या आहेत, ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. हार्डींच्या मते ही माहिती कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला तिच्यात काही नाही, कारण तिच्यातून पुढे कुठलीच वाट निघत नाही.

हार्डी अर्धे बरोबर आहेत, असे आमचे मत. सुटी माहिती म्हणून सांगितली तर ती खरोखरच निरर्थक आहे. पण त्यांच्याच दोन संख्यांचे अवयव पाडून पाहा. ८७१२ = ८ × १०८९ आणि ९८०१ = ९ × १०८९. दोन्हीकडे १०८९ आणि १०८९ = ९ × १२१, म्हणजे मनोऱ्यातली दुसरी पायरीच आत दडलेली! आता १०८९ चा पाढा लिहा : १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिली संख्या उलटली की नववी, दुसरी उलटली की आठवी, तिसरी उलटली की सातवी आणि बरोबर मधोमध ५४४५ ही विलोम संख्या. कारण शोधायला बीजगणिताच्या दोन ओळी लागतात. १०८९ म्हणजे ११०० वजा ११, त्यामुळे त्याच्या क-पटीचे अंक अनुक्रमे क, क−१, ९−क, १०−क असे येतात. क च्या जागी १०−क घाला, तेच अंक उलट क्रमाने मिळतात. आठवीच्या वर्गाला हे सुटते. हार्डींना ते क्षुल्लक वाटले असते, यात शंका नाही. आठवीच्या वर्गाला मात्र ते क्षुल्लक नाही.

मनोऱ्याचेही असेच. त्याच्या पायऱ्या नुसत्या न्याहाळत बसण्यापेक्षा त्यांचे मूळ अवयव पाडावेत. वर्गाचे अवयव म्हणजे मुळाचेच अवयव दोनदा, तेव्हा एकांच्या ओळीचेच अवयव पाडले तरी पुरे :

१११ = ३ × ३७
११११ = ११ × १०१
१११११ = ४१ × २७१
११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७
१११११११ = २३९ × ४६४९
११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७
१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आता हा मनोरा गुळगुळीत राहिला नाही. बाहेरून एका साच्यातल्या दिसणाऱ्या पायऱ्या आतून किती वेगळ्या! सहा एकांचे पाच अवयव आणि ते सारे लहान. सात एकांचे दोनच, तेही आडदांड. सहाच्या ओळीत ११ आणि १११ दोघांचेही अवयव आहेत, कारण सहा एकांची ओळ दोन-दोनच्या किंवा तीन-तीनच्या गटांत तोडता येते. सात एकांची तशी तोडता येत नाही. ओळीतल्या एकांची संख्या विभाज्य असेल तर ती ओळ विभाज्यच असणार, हे मुलांना या यादीवरूनच काढता येईल. उलट बाजू मात्र खरी नाही. तीन, पाच, सात या मूळ संख्या आहेत, तरी तेवढ्या एकांच्या ओळींचे अवयव पडलेच. दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या ओळी मूळ आहेत. त्यापुढची थेट ३१७ एकांची, मग १०३१ ची. ४९०८१ एकांची ओळ मूळ असल्याची सिद्धता २०२२ मध्ये पुरी झाली. अशा ओळी अनंत आहेत की नाहीत, याचे उत्तर आजही कोणाजवळ नाही. हार्डी म्हणतात ती बंद वाट ही नव्हे.

४१ आणि २७१ कुठून आले, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. विचारावाच. त्याला १ भागिले ४१ करायला सांगा : ०.०२४३९ ०२४३९ … पाच अंकांचे आवर्तन. १ भागिले २७१ : ०.००३६९ ००३६९ … पुन्हा पाच. १ भागिले २३९ केले तर ००४१८४१ हे सात अंक फिरत राहतात. पाच एकांच्या ओळीचे अवयव ते पाच अंकांच्या आवर्तनाचे, सात एकांचे ते सात अंकांचे. पाच अंकांचे आवर्तन म्हणजे ९९९९९ ला त्या संख्येने पूर्ण भाग जाणे, आणि ९९९९९ म्हणजे नऊ वेळा १११११. आवर्ती दशांश अपूर्णांक आणि विलोम संख्या पाठ्यपुस्तकात एकमेकांना कधी भेटत नाहीत. अवयव पाडले की दोन्ही एकाच घरची निघतात.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १, ११, १११, ११११ … यांना ओळीने ७ ने भागा. बाक्या येतात १, ४, ६, ५, २, ०. सहाव्या पायरीला भाग गेला. ७ च्या जागी कोणतीही मूळ संख्या घ्या, २ आणि ५ सोडून; केव्हा ना केव्हा भाग जातोच. कारण बाक्या मोजक्याच असतात. आधीच शून्य आली नाही तर दोन पायऱ्यांची बाकी कधीतरी सारखी येणारच. त्या दोघींची वजाबाकी केली की पुढे काही एक आणि मागे काही शून्ये अशी संख्या मिळते आणि तिला त्या मूळ संख्येने भाग जातो. मागच्या शून्यांत २ आणि ५ शिवाय काही नसते, म्हणून भाग जातो तो पुढच्या एकांनाच. २ आणि ५ साठी २२ आणि ५५ आहेतच. तेव्हा जगातली प्रत्येक मूळ संख्या कुठल्या ना कुठल्या विलोम संख्येचा अवयव आहे! आमच्या मते ‘चमत्कार’ हा शब्द वापरायचाच तर येथे वापरावा. आणि हा सिद्धतेसह अर्ध्या फळ्यावर मावतो.

अवयवांकडून विलोम संख्येकडे जाण्याची वाट नवी नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यातल्या गुणाकाराच्या उदाहरणांत उत्तरे गळ्यातल्या माळेसारखी यावीत अशा संख्या मुद्दाम निवडल्या आहेत : १३९ × १०९ = १५१५१, १५२२०७ × ७३ = ११११११११, १४२८५७१४३ × ७ = १००००००००१. आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. ही शेवटची म्हणजे आपल्या मनोऱ्याची सहावी पायरी, एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी. ४४१ हा २१ चा वर्ग, म्हणजे ३ आणि ७ प्रत्येकी दोनदा. वरच्या यादीत सहा एकांपुढे ३ आणि ७ आहेत, ते पाहा. आठ एकांतला ७३ देखील महावीराचार्यांच्या हाती होता. अकराशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकाने विद्यार्थ्याला गुणक आणि गुण्य हाती दिले आणि माळ त्यालाच ओवायला लावली. आमचे तक्ते तयार माळ भिंतीवर टांगतात.

मूळ असलेल्या विलोम संख्यांविषयीही पुस्तिकांत असेच होते. १०१, १३१, १५१, १८१, १९१, ३१३ … अशी यादी दिली जाते. तीन अंकी अशा पंधरा आहेत. यादी तीन अंकांवरून एकदम पाच अंकांवर उडी मारते आणि लेखक ती उडी दिसलीच नाही असे दाखवतो. चार अंकी एकही नाही, कारण कअअक असे अंक असले की ११ ची कसोटी आपोआप लागू पडते : एकाआड एक अंकांच्या बेरजा सारख्या, फरक शून्य. सहा, आठ, दहा अंकांनाही तेच. सम अंकसंख्येची मूळ विलोम संख्या एकच, ती म्हणजे खुद्द ११. सातवीत शिकवलेली कसोटी इतकी सहज वापरायला मिळत असताना नुसती यादी छापणे म्हणजे जेवायला बसवून वाढायचे विसरणे.

आम्ही विज्ञानातली माणसे तरी या मोहापासून दूर आहोत का? पदार्थविज्ञानात १३७ या अंकाभोवती बरेच गूढ जमले आहे. सूक्ष्म-संरचना स्थिरांक जवळजवळ १ भागिले १३७ इतका आहे. कोणीतरी १ भागिले १३७ करतो, ०.००७२९९२७ … येते, त्यात ७२९९२७ ही विलोम संख्या दिसते आणि विश्वाचे रहस्य सापडल्याचा आनंद होतो. आठ एकांचे अवयव पुन्हा पाहा. १३७ काढून घेतला की उरतात ११, ७३, १०१. त्यांना ९ ने गुणले की ९९९९ × ७३ म्हणजेच ७२९९२७. दहाच्या पायाचा हा गुण आहे, विश्वाचा नव्हे. शिवाय मोजलेली किंमत १३७ नसून १३७.०३६ च्या आसपास आहे. असो.

कापरेकरांच्या लेखनात सिद्धतेपेक्षा निरीक्षणांचा आणि नामकरणांचा भर अधिक दिसतो, हे मान्य करायला हवे. बऱ्याच पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. विद्यापीठीय गणिताने त्यांना जवळ केले नाही याचे एक कारण तेही असावे. पण निरीक्षण पुढे ठेवून कारण वाचकावर सोडणे निराळे आणि गैरसोयीचे निरीक्षण पुसून टाकणे निराळे. पहिल्याने विद्यार्थ्याला काम मिळते.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. पुढे कधी परत जुळेल का? उत्तर आम्ही त्याच संध्याकाळी, मुलुंडहून घाटकोपरला परतताना, प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काढले. कांजूरमार्ग येईपर्यंत ते पुरे झाले होते. एकांची ओळ म्हणजे नवांची ओळ भागिले ९, म्हणून तिचा वर्ग म्हणजे नवांच्या ओळीचा वर्ग भागिले ८१. एक खूप असतील तर त्या वर्गाचे सुरुवातीचे अंक १ भागिले ८१ चेच असणार : ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९ … यात ८ नाही. तेव्हा दहा किंवा अधिक एक कितीही घ्या, वर्गाचा डावीकडून आठवा अंक नेहमी ९. आणि उजवीकडून आठवा? तिथवर हातचा पोचतच नाही, आठव्या स्तंभात आठ एक, म्हणून तो नेहमी ८. आठ आणि नऊ समोरासमोर येतात. म्हणून पुढे कधीच जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरले होते आणि मुलीचे नाव आम्ही लिहून घेतले नव्हते. ती मुलगी एव्हाना शाळा सोडून गेली असेल. तिच्या बाई हा अंक वाचत असतील तर त्यांनी उत्तर तिच्यापर्यंत पोचवावे, आणि तक्ता अजून शाळेत असेल तर त्यावर दहाव्या ओळीपुरती जागा निघते का, तेही पाहावे.